आबाजीचा काटा

ही गोष्ट सांगायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. विषय निघाला की मला चहाची आठवण व्हायची, नाहीतर दुकानात गिऱ्हाईक आल्यासारखं वाटायचं. आता दुकान मुलाकडे आहे, चहा डॉक्टरांनी बंद केला आहे. सबबी संपल्या.

त्यात गेल्या दिवाळीत आंजीला, माझ्या सासरी, असं झालं. साळ्याचा नातू पायाशी पडलेली चप्पल घरभर शोधत होता. त्याची आजी, म्हणजे साळ्याची बायको, म्हणाली, "काऊन रे, तुलेही आबाजीचा काटा झाला का?" सगळे हसले. आबाजी म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी त्या घरात कुणाला समोरची वस्तू दिसली नाही की त्यांचं नाव निघतं. मीही हसलो. परतताना मात्र ठरवलं की आता हे लिहून टाकायचं, कारण खरं काय ते फक्त मला माहीत आहे.

सासऱ्यांकडे एक जुनी जीप होती. तरुणपणी त्यांनी ती मिलिटरीच्या लिलावातून आणलेली. कापूस, खत, बाळंतीण, पाहुणे, सगळं त्याच गाडीतून जायचं. गाडीला तापमानाचा काटा होता, फॅरनहाइटचे आकडे असलेला. सासऱ्यांचा अर्धा जीव त्या काट्यात. तो एकशे ऐंशीच्या पुढे सरकला की ते झाड पाहून गाडी थांबवत, बॉनेट उघडत आणि तंबाखू मळत बसत. आंजी ते वर्धा हा काही मोठा प्रवास नव्हे, पण त्या रस्त्यावरच्या प्रत्येक कडुनिंबाखाली आमचं कुटुंब कधी ना कधी बसलेलं आहे. माझी बायको म्हणायची, "बाबाची गाडी पेट्रोलवर नाई, सावलीवर चालते."

माझं वर्ध्याला पंप-मोटारींचं दुकान होतं. तेवढ्या भांडवलावर सासरी मी यंत्रांतला जाणकार ठरलो होतो. शिवणयंत्र अडलं तरी मला विचारत. जावयाला असा मान मिळाला की तो नाकारणं फार अवघड असतं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. साळ्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, कारंजाला ठरलं. आंजीहून आर्वी आणि आर्वीहून पुढे कारंजा, तेही भर मे महिन्यात. आदल्या दिवशी साळा वैतागून म्हणाला, "भाऊजी, बाबा असेच थांबत गेले तर पोरीवाले दुसरा नवरदेव पाहून घेतीन."

मी म्हणालो, "अरे, काटाच खोटा आहे. जुना झाला की असाच पुढे पळतो. उद्या निघायच्या आधी तपासून देतो."

सासरे ओट्यावर होते. म्हणाले, "काटा खोटा नाई जावईबुवा. माणूस खोटा राहू शकते."

"तपासू ना मामाजी. दूध का दूध, पानी का पानी."

तपासणी सोपी असते. त्या काट्यामागून एक बारीक तांब्याची नळी निघते आणि तिच्या टोकाचा करंगळीएवढा बल्ब इंजिनाच्या डोक्यात बसवलेला असतो. तो काढून उकळत्या पाण्यात धरायचा. पाणी उकळतं दोनशे बाराला. काटा तिथे आला तर खरा, पुढे गेला तर खोटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काटा, नळी, बल्ब असं सगळं काढून स्वयंपाकघरात नेलं. सासूबाईंनी दारातच अडवलं. "इंजनातलं ते मेलं माह्या चहाच्या गंजात बुडवान तर पाहा!" शेवटी त्यांनी कोंबड्यांना पाणी ठेवायचं जर्मनचं पातेलं दिलं. पाणी खळखळायला लागलं. बायको, साळा, सासूबाई, शेजारच्या दोन बाया, सगळे भोवती. सासरे तेवढे आले नाहीत. "माह्या गाडीचं पोस्टमार्टम मी नाई पाहात," म्हणून ते अंगणातच थांबले.

मी एका हातात काटा धरून दुसऱ्या हाताने बल्ब पाण्यात सोडला. वाफेत मी एकटाच वाकलेलो. काटा हलला, चढला, लाल रेघेच्या अलीकडे आला आणि दोनशे बारावर असा उभा राहिला, की जणू त्याला तिथेच खिळा मारला होता.

काटा खरा होता. म्हणजे गाडी खरोखर तापत होती. सासरे वर्षानुवर्षं विहिरीचं जड पाणी ओतत आलेले, रेडिएटर क्षारांनी भरला असणार, हे मला त्याच क्षणी कळलं. रेडिएटर साफ करायचा तर साक्षगंधाला बैलगाडीनं जावं लागलं असतं.

अंगणातून आवाज आला, "बोला जावईबुवा, कोण खोटं निंगालं?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. साळ्याच्या डोळ्यांत कारंजा दिसत होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "काटा. तीसनं पुढे पळतो."

घरात विजयाचा गलका झाला. मग मी ती थाप पूर्ण केली. काच काढली, चमच्याच्या टोकाने काटा अलगद उपटला आणि पाणी उकळत असताना तो मधोमध, एकशे ऐंशीवर बसवून टाकला. मनाची समजूतही घातली, की एका दिवसाचा प्रश्न आहे, परत आल्यावर रेडिएटर साफ करून घेऊ.

त्या दिवशी जीप एकाही झाडाखाली थांबली नाही. आर्वीपर्यंत सासरे खुशीत होते. चालवता चालवता म्हणाले, "कशी थंडी चालून राह्यली! उगाच झाडाखाली आयुष्य घातलं म्या." मागून साळा म्हणाला, "आता एक भजन होऊ द्या बाबा." आणि खरंच त्यांनी भजन धरलं. मी आयुष्यात त्यांना गाताना तेवढं एकदाच ऐकलं.

आर्वी सोडल्यावर चढ लागला. भजन थांबलं. सासऱ्यांनी नाक वर केलं.

"जावईबुवा, वास येऊन राह्यला."

मी म्हणालो, "उन्हाचा वास आहे मामाजी. काटा पाहा ना."

त्यांनी पाहिलं. काटा मधोमध होता. त्यांनी मान डोलवली आणि गाडी पुढे दामटली. थोड्या वेळाने बॉनेटखाली हातोडा मारल्यासारखा आवाज झाला, वाफेचा लोट उठला आणि जीप कायमची थांबली. त्या टापूत एकही कडुनिंब नव्हता.

साक्षगंधाला आम्ही कांद्याच्या ट्रकमधून पोहोचलो. नवरदेवाच्या केसांत कांद्याची टरफलं होती. नवरीकडच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. "पाहुणे भज्यायची तयारी करूनच आले वाटते!" ती सोयरीक मोडली नाही, इतकंच चांगलं झालं.

ट्रकची वाट पाहताना रस्त्याच्या कडेला जे बोलणं झालं, ते मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

साळा ओरडत होता, "बाबा, काटा पाह्यत होते का भजन म्हणत होते?"

"पाह्यला रे. मधातच होता."

"मंग इंजन काय हवेनं फुटलं?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी साक्ष काढण्यासाठी. "जावईबुवा, तुम्हीच तपासला ना? तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, "मामाजी, काटा तर मी बरोबर करून दिला होता."

एवढंच. पुढचं बाकीच्यांनी जुळवून घेतलं. काटा बरोबर आणि इंजिन फुटलं, म्हणजे म्हाताऱ्याला दिसलं नाही. त्यांना वर्ध्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहेत. आमच्या आग्रहाखातर त्यांनी बारीकसा नंबर लिहून दिला. सासरे तो चष्मा जेवतानाही लावायचे. साळ्याने दुसरी गाडी घेतली तेव्हा किल्ली स्वतःकडेच ठेवली. "बाबा, तुम्ही आता आराम करा." ज्या माणसाने पंचक्रोशीतल्या बाळंतिणी वेळेवर पोहोचवल्या, तो त्यानंतर स्टीअरिंगला कधी शिवला नाही. जीप भंगारात गेली आणि तो काटाही तिच्याबरोबर गेला.

दोन हजार सालानंतर मी लहान कार घेतली. सासरे माझ्या बाजूला बसत आणि दर थोड्या वेळाने विचारत, "काटा कुठं हाये?" मी म्हणायचो, "मध्येच आहे मामाजी." "तुम्हाले दिसते ना, झालं मंग," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत.

एकदा आम्ही दोघंच कारंजाला निघालो होतो. तो चढ आला. मी गाडी कडेला घेतली. ते म्हणाले, "काऊन थांबलं? तापली का?"

"नाही. मामाजी, त्या दिवशीचा तो काटा..."

त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला आणि परत लावला. "राहू द्या जावईबुवा. चुकलंच माह्यं. मले वाटे का मधात होता, पण नसन. डोळ्याईचा भरोसा काय? तुम्हा सगळ्याईले कांद्यात बसवलं म्या, पोराच्या साक्षगंधाले. माफ करजो."

माफी त्यांनी मागितली. आणि मी काय केलं, तर म्हणालो, "उशीर होतो, निघू या." आणि गाडी सुरू केली.

पुढे ते अंथरुणाला खिळले. मी भेटायला जायचो तेव्हा खोलीत माणसं असायची. नसायची तेव्हा मी पंख्याचा आवाज तपासायचो. शेवटच्या भेटीत त्यांचा चष्मा उशाशी होता. मी तो उचलून काचा पुसल्या आणि पुन्हा तिथेच ठेवला. जे म्हणायला गेलो होतो, ते इतकंच होतं :

मामाजी, काटा मधातच होता. मीच तो तिथे आणून बसवला होता. तुम्हाला नीट दिसत होतं. मला माफ करा.