हळदीच्या रंगाची गिटार

नवरीच्या मामाला दोनच हात असतात. एरवी ही काही मुद्दाम सांगण्यासारखी गोष्ट नाही. पण माझ्या भाचीच्या लग्नात ती मला भलतीच नडली.

आमच्याकडे नवरीला मांडवात घेऊन यायचा मान मामाचा. आणि पिंकीने (माझी एकुलती एक भाची, लाडाने पार बिघडलेली, आणि बिघडवणारा मीच) साखरपुड्याच्या दिवशी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मी मांडवात येईन तं मामाच्या गिटारवर. नाही तं येतच नाही!"

"अन् तुले मांडवात आणन कोण?" माझे बाबा म्हणाले. "हा तुले धरन का बाजा वाजवन?"

"मंग आधीच रेकॉर्ड करून ठेवन ना, आजोबा!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉलेजात गिटार वाजवायचो, हे खरं. तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात ते लोकांना ऐकवत आलोय, हेही खरं. पण घरात जी जुनी गिटार होती तिची मान वाकलेली, आणि पोटात बायकोने कपड्यांचे चिमटे भरून ठेवलेले. तरी मी छाती फुगवून म्हणालो, "त्यात काय! इलेक्ट्रिक घेतो."

बायकोने तिथल्या तिथे अट घातली. "एकच घ्यायची. वाजवाले तेच, रेकॉर्डिंगले तेच, अन् परवडन अशी. दुसरी घरात दिसली तं तिच्या पोटातही चिमटे भरून ठेवीन." (इलेक्ट्रिक गिटारला पोट नसतं, हे मी तिला सांगितलं नाही. धाक असलेला बरा.)

मग मी अभ्यासाला लागलो. व्हिडिओ पाहून पाहून माझी अवस्था अशी झाली, की बँकेत कर्ज मागायला आलेल्या माणसाला मी आधी हप्त्याचं सांगायचो आणि मग पिकअपचं. पिकअप म्हणजे तारांचा आवाज पकडणारे, गिटारवर बसवलेले लोहचुंबक. एकेरी असले तर आवाज गोड, पण जवळपासच्या पंख्याची, मोटरची भुणभुणही ते पकडतात. दुहेरी असले तर भुणभुण गायब. मला हवी होती दोन्ही प्रकार असलेली. लग्न मे महिन्यात, आणि मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करणारा माणूस अजून जन्माला यायचाय! अशी एक गिटार धरमपेठेतल्या दुकानात मी वाजवून, पसंत करून आलो होतो. फक्त जाऊन उचलायची होती.

इथे आत्या आडवी आली. ही बाबांची धाकटी बहीण, उमरेडची. उभा जन्म मागावर लुगडी विणण्यात गेलेला, त्यामुळे लग्नाची खरेदी म्हणजे तिचा हक्काचा प्रांत.

"लग्नासाठीच घेऊन राहिला ना गा बाजा?" तिने विचारलं.

"हो, आत्या."

"मंग बस्त्यातच घ्या लागन. लग्नाची वस्तू अशी एकट्यानं चोरून आणत असतेत काय?"

बस्ता म्हणजे आमच्याकडची लग्नाच्या कपड्यांची खरेदी. सगळे नातेवाईक एकत्र जातात, दुकानातल्या गादीवर ठाण मांडतात, आणि दुकानदार पाणी मागेपर्यंत उठत नाहीत. तर बस्त्याच्या दिवशी साड्या, शालू, फेटे घेऊन झाल्यावर आमची सगळी फौज पिशव्यांसकट गिटारच्या दुकानात शिरली. तिथे गादी नव्हती. आत्या ढोलावर बसली.

दुकानदाराने मी पसंत केलेली गिटार काढली. मी ती सगळ्यांसमोर धरली.

आत्या ढोलावरून उठली.

"काळी?" आत्या म्हणाली.

"आत्या, आवाज ऐक आधी..."

"लग्नाच्या बस्त्यात काळं? अरे, काळा दोरा निघाला तं आम्ही लुगडं वापस करतो, अन् तू येवढं मोठं काळं लाकूड घेऊन राहिला? तेही पोरगी मांडवात येताना वाजवाले?"

"गाण्यात रंग दिसत नसतो वं आत्या!"

"देवाले दिसते."

मी आशेने बाबांकडे पाहिलं. बाबा एका गिटारची तार ताणून सूत कसं आहे ते पाहत होते. पिंकीकडे पाहिलं, तर तिचा चेहरा उतरलेला. सासरची माणसंही बस्त्याला आलेली, आणि त्यांच्यातही काळ्या रंगावरून कुजबुज सुरू झालेली.

"हीच लाल रंगात आहे का?" मी दुकानदाराला विचारलं.

"मागवावी लागेल, सर. लग्न होऊन जाईल तोपर्यंत."

तेवढ्यात आत्याने भिंतीकडे बोट केलं. "ते कोणती गा, पिवळी? हळदीसारखी?"

"घेऊ शकता," दुकानदार म्हणाला, "पण सर, तिचे पिकअप एकेरी आहेत. कूलरजवळ भुणभुण करेल. तुम्ही मागच्या वेळी स्वतःच मला हे अर्धा तास समजावून गेला होतात."

सगळं घरदार माझ्या तोंडाकडे पाहत होतं. आणि मी, ज्याने महिनोन्‌महिने अभ्यास केला होता, तो मी हसून म्हणालो, "अहो, वाजवणारा चांगला पाहिजे!"

घरी आल्यावर आत्याने गिटारला हळदकुंकू वाहिलं. कुंकू आवाजाच्या बटणात गेलं, ते अजून निघालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये रेकॉर्डिंगला बसलो. गिटारची वायर एका छोट्या डबीत, डबी लॅपटॉपला, आणि हेडफोन माझ्या कानाला. म्हणजे आवाज फक्त मला. बाकीच्यांना नुसती टिकटिक.

"येवढ्या मोठ्या दुकानातून आणली, अन् आवाजच नाही?" आत्या म्हणाली.

"आवाज माझ्या कानात आहे. आणि कूलरची भुणभुणही आहे. कूलर बंद करा!"

"कूलर तिकडे खिडकीत, तुझ्या कानात कसा येईन?" बाबांनी विचारलं, आणि मग काळजीने बायकोकडे वळले. "सूनबाई, याले कानाच्या डॉक्टरकडे नेऊन आण वं एकदा."

शेवटी पिंकीचं नाव काढलं तेव्हा कुठे कूलर बंद झाला. पंखाही बंद. बाहेर नागपूरचं ऊन, आत आम्ही चौघं. मी वाजवायला घेतलं, तर घामाने बोटं तारांवरून घसरायला लागली. पहिल्या वेळी सूर चुकला, दुसऱ्या वेळी तारा छेडायची पट्टी हातातून उडून बाबांच्या चहात पडली, तिसऱ्या वेळी छान जमत असताना बायको म्हणाली, "अहो, आत्याबाईंकडे पाहा!" आत्या ओला टॉवेल डोक्यावर घेऊन भिंतीला टेकली होती. तरी बंदच ठेव म्हणाली. "पोरीच्या लग्नाचं काम आहे. वाजव तू."

मला एकदम भरून आलं. डोळे मिटले आणि मनापासून वाजवायला लागलो. अर्ध्यात आलो असेन, तेवढ्यात अंगावरून गार वारा गेला! बोटं मोकळी झाली, सूर असे धावले की मला दुसरं काही ऐकूच येईना! कॉलेजातसुद्धा मी इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं. वाजवून संपलं, डोळे उघडले. आत्या कूलरच्या बटणाशी उभी.

"मले वाटलं, झालं तुझं," ती म्हणाली.

ऐकून पाहिलं. पहिला अर्धा भाग स्वच्छ. दुसऱ्या भागात वादन अप्रतिम, आणि त्याखाली अखंड भुणभुण. पुन्हा वाजवायचं तर पुन्हा कूलर बंद. मी आत्याकडे पाहिलं, ओल्या टॉवेलकडे पाहिलं. लग्नाच्या गोंधळात कोण ऐकतंय, असं म्हणत तेच पक्कं करून टाकलं.

लग्नात मांडवभर मोठाले कूलर लावलेले. मी पिंकीचा हात धरून निघालो. कर्ण्यांतून माझी गिटार सुरू झाली. पिंकी हळूच म्हणाली, "मामा, खरंच तू वाजवलं ना गा हे?" मी ऐटीत मान हलवली.

आम्ही बरोबर मांडवाच्या मध्यावर आलो, आणि भुणभुण सुरू झाली. घरी ती हेडफोनएवढी होती; इथे मांडवाएवढी.

"कूलर गेला!" मुलाचे वडील उठून ओरडले. "अरे, शॉर्ट होईन! बंद कर!"

कूलरवाल्याने एक बंद केला. भुणभुण चालूच. दुसरा बंद केला. चालूच! मग सगळेच बंद केले. वऱ्हाडी मंडळी पत्रिकांनी वारा घ्यायला लागली, भटजींनी उपरणं काढलं, आणि सगळ्यांत मोठ्याने आत्या ओरडत होती, "मी म्हनलंच होतं, हा कूलरवाला बरोबर नाही!"

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण माझा हात पिंकीने घट्ट धरलेला, आणि ती हसून हसून लाल झालेली. भुणभुण गिटारचीच आहे, हे तिला एकटीला कळलं होतं. आम्ही बोहल्यापाशी पोचलो, गाणं संपलं, भुणभुण थांबली.

"हां! आता झाला दुरुस्त! लाव परत!" मुलाचे वडील म्हणाले, आणि त्यांनी कूलरवाल्याच्या पाठीवर थाप मारली.

जेवणाच्या पंगतीत ते माझ्या शेजारीच बसले. मी धीर करून विचारलं, "गिटार कशी वाटली?"

"कोणती गिटार?" ते म्हणाले. मग जरा आठवून, "पण काही म्हणा, कूलर मोठा सुरात बिघडला होता!"