वहिवाटीचा भूतकाळ

स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन आहेत. एक घडून संपलेल्या गोष्टीचा, दुसरा नेहमी घडत असलेल्या गोष्टीचा. ‘फुइमोस’ म्हणजे आम्ही गेलो. ‘ईबामोस’ म्हणजे आम्ही जायचो. रत्नागिरीत बसून मी ही भाषा ऑनलाइन शिकते, कारण ती बोलणाऱ्या देशांतल्या जमिनीच्या लढ्यांची पत्रकं मला मूळ भाषेत वाचायची आहेत. मी पत्रकांवरच वाढले. बाबा चळवळीतले, आमच्याकडे पाहुण्यांच्या हातात चहाआधी पत्रक पडायचं.

पुस्तकातली उदाहरणं वाचून डोकं फिरायचं. लहानपणी आम्ही समुद्रावर जायचो, एकदा आम्ही डोंगरावर गेलो. जणू माणसं फक्त फिरायलाच घराबाहेर पडतात. शिकवणाऱ्या पुण्याच्या बाईंनी मात्र एक कामाचं सांगितलं: लिहिण्याआधी ठरवा, ही गोष्ट संपली का? मग त्यांनी आपल्या ओळखीच्या एखाद्या वाटेवर लिहायला दिलं.

मी आत्याची वाट घेतली. आत्या पावसजवळच्या वाडीत राहते, ओहोटीला खाडीत उतरून चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढते आणि रत्नागिरीच्या बाजारात विकते. वाडीतून खाडीवर जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी उतरते, ती एका आंब्याच्या बागेतून. ती बाग मुंबईच्या एका माणसाने घेतली आणि पाखाडीच्या तोंडावर फाटक लावून कुलूप घातलं. सडकेने वळसा घालून पोचेपर्यंत भरती लागते. बायकांनी वहिवाटीसाठी तहसीलदारांकडे अर्ज केला. वहिवाट म्हणजे वर्षानुवर्षं हक्काने केलेली ये-जा. कुणाच्या मेहेरबानीने केलेली नव्हे.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी आत्याला पढवलं: ‘गेलो’ म्हणायचं नाही, ‘जायचो’ म्हणायचं.

“मला बोलायला शिकवतेस होय गो?” ती म्हणाली. “तुझ्या बापाला मी बोलायला शिकवलंय.”

तहसीलदारांपुढे ती नीट बोलली. मग मालकाचा वकील उठला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, “मावशी, बागेतून जाताना राखणदाराला विचारत होता ना?”

“तर काय. ‘जाऊ ना हो?’ म्हणून हाक मारायचो. न विचारता कुणाच्या आवारातून जायची आमची रीत नाही.”

म्हणजे या बायका परवानगीने जात होत्या, नोंद घ्यावी, असं वकिलाने साहेबांना सांगितलं.

माझी कानशिलं तापली. आमच्याकडे दुसऱ्याच्या खळ्यातून, अंगणातून जाताना सगळेच हाक मारतात. आत कुणी असो-नसो, मारतात. यात परवानगी कसली? समोरच्या घराला माणसाचं घर मानायची ही पद्धत. तीच उचलून या माणसाने तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून ठेवली. मी बोलायला उठले तर साहेबांनी मला खाली बसवलं. आत्यानेच उत्तर दिलं.

“साहेब, हाकेच्या जबाबाला थांबलंय कोण? ओहोटी थांबते होय आमच्यासाठी?”

सगळे हसले, साहेबसुद्धा. मला हसू आलं नाही. बाईच्या पोटाचा प्रश्न आहे आणि यांची करमणूक चालली आहे. निकाल लागेपर्यंत फाटक उघडं ठेवायचा हुकूम मात्र झाला. बाहेर व्हरांड्यात आमच्याच वकिलाने आत्याला बजावलं: यापुढे हाक मारायची नाही, गुपचूप जायचं, नाहीतर केस जाईल.

निकाल अजून नाही. वाटेबद्दल मी ‘ईबामोस’ लिहिलं, ठासून. हाकेपाशी अडले. आत्या हाक मारायची, आयुष्यभर. तिथे तोच काळ. पण ते बंद झालं ते एका दिवशी, एका व्हरांड्यात, एका वाक्याने. तिथे संपलेल्या गोष्टीचाच काळ बसतो. दातओठ खात लिहिला. बाईंनी कळवलं, दोन्ही काळ अचूक. तो अचूकपणा मला अजून डाचतो.

गेल्या आठवड्यात मी आत्याबरोबर पाखाडी उतरले. राखणदार जुनाच आहे, नव्या मालकाने ठेवून घेतलेला. कलमांना पाणी घालत होता. पावलं ऐकून त्याने मान वर केली आणि तो थांबला. आत्या पदराचं टोक दातांत धरून त्याच्यासमोरून गेली.

“म्हातारा काय म्हणत असेल,” खाडीत उतरल्यावर ती म्हणाली, आणि तिने चिखलात हात घातला.