मस्ट बी प्रॉपरली चेक्ड

चाकणच्या आमच्या कंपनीत पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या सात नंबरच्या प्रेसवर एक पाटी आहे. 'द लाइट कर्टन मस्ट बी प्रॉपरली चेक्ड बिफोर एव्हरी शिफ्ट.' ही पाटी मी लिहिली. लाइन लीडर झाल्यावर केलेलं माझं पहिलं इंग्रजी लिखाण. सुरुवातीला तिचं इतकं कौतुक होतं की येताजाता मान वर करून वाचायचो. आता तिच्याकडे बघवत नाही.

लाइट कर्टन म्हणजे प्रेसच्या तोंडाशी असलेला, डोळ्यांना न दिसणारा प्रकाशाचा पडदा. पत्रा ठेवताना कुणाचा हात आत राहिला तर प्रेस जागच्या जागी थांबायला हवी, म्हणून तो असतो. तो चालतोय की नाही हे पाहायला बोटाएवढ्या जाडीचा लाकडी दांडा दिलेला असतो. शिफ्ट सुरू होताना दांडा आत धरायचा, पायाने पेडल दाबायचं, प्रेस थांबली की तक्त्यावर खूण करून सही करायची. अर्ध्या मिनिटाचं काम.

इंग्रजीची मला शाळेपासून धास्ती. इंग्रजी बोलणारा माणूस समोर आला की मी वाट बदलतो, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्यात साहेबांनी सांगितलं, परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट येतंय, लाइनवरच्या सगळ्या सूचना इंग्रजीत हव्यात, आणि त्या तू लिही. माझी झोपच उडाली. मग दर रविवारी मी राजगुरुनगरला एका निवृत्त शिक्षिकेकडे जाऊ लागलो.

बाई कडक होत्या. "सूचनेत करणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही," त्या म्हणायच्या. "काय केलं गेलं पाहिजे तेवढंच लिहायचं." आधी मस्ट किंवा शुड, मग बी, मग कसं ते सांगणारा शब्द, आणि शेवटी क्रियापदाचं तिसरं रूप. पंगतीत आधी मीठ, मग लिंबू, मग चटणी वाढतात, तसा क्रम ठरलेला. मस्ट बी प्रॉपरली चेक्ड. शुड बी केअरफुली लिफ्टेड. कॅन बी ईझिली रिमूव्ह्ड. मोटारसायकलवर हेच घोकत मी घरी यायचो. आई विचारायची, "कसला मंतर म्हणतुयास रं?"

खरं सांगायचं तर मला ही वाक्यं आवडू लागली होती, कारण त्यांत कुणीच नसतं. करणारा नाही, म्हणजे चुकणाराही नाही. भित्र्या माणसाला याहून सोयीची भाषा कुठे मिळणार?

ऑडिटच्या आठ दिवस आधी सात नंबर सारखी थांबायला लागली. तेलाचा धूर पडद्याच्या काचेवर बसायचा आणि हात आत नसतानाही प्रेस अडायची. माल भरायला गाडी दारात उभी. मी पॅनेलवरची बायपासची चावी फिरवली. पडदा बंद झाला, प्रेस सुरळीत चालू लागली. "दोन तासांपुरतं हं ताई," मी प्रेस चालवणाऱ्या ऑपरेटर ताईंना म्हणालो. "मग काच पुसून घेतो." चावी हरवू नये म्हणून मोटारसायकलच्या किल्लीच्या कडीत अडकवली. असं आमच्याकडे सगळेच करतात. दोन तासांनी साहेबांनी ऑडिटच्या कागदांसाठी वर बोलावलं, आणि माझ्या डोक्यात मस्ट आणि शुडशिवाय काही उरलं नाही. चावी खिशातच राहिली.

त्या ताई बीडकडच्या. साधारण माझ्याच वयाच्या, तरी मला दादा म्हणायच्या. घरी शाळेत जाणारी एक मुलगी. कामाला वाघ, आणि तोंडानेही.

ऑडिटच्या आदल्या दिवशी तक्ता पाहिला तर निम्म्या चौकटी कोऱ्या. नवल काहीच नव्हतं. दांडा रोज कुणीच लावत नसे, आणि ऑडिट आलं की काय करायचं हे प्रत्येक लाइनला ठाऊक होतं. मी ताईंना बसवलं आणि तीन पेनं दिली, एक निळं, एक काळं, एक आटत आलेलं. सगळ्या खुणा एकाच दिवशी केल्यासारख्या दिसायला नकोत. मधेमधे तेलकट अंगठाही उमटवायला लावला. ताई हसल्या. "दादा, खोटं काम बी लै नीट करून घ्यायलात." प्रत्येक खुणेपुढे त्यांची सही झाली. मग पाटीवरचं वाक्य मी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं. माझ्यापेक्षा त्यांच्या तोंडी ते जास्त चांगलं बसलं.

दुसऱ्या दिवशी आलेले ऑडिटर पांढऱ्या केसांचे, सौम्य गृहस्थ होते. त्यांनी पाटी वाचून मान डोलावली. माझी छाती फुगली. त्यांनी तक्ता पाहिला. ताईंनी न अडखळता वाक्य म्हणून दाखवलं. ते हसले आणि दोनच शब्द म्हणाले, "शो मी."

ताईंनी दांडा उचलला. माझा हात खिशात होता, तो किल्लीच्या कडीला लागला, आणि बोटांना ती जास्तीची चावी कळली. मला ओरडायचं होतं. इंग्रजीत काय ओरडायचं ते सुचेना आणि मराठी तोंडातून फुटेना. ताईंनी पेडल दाबलं. प्रेस खाली आली, ती थांबली नाही. दांड्याचं पुढचं टोक तुटून खालच्या पेटीत पडलं. उरलेला तुकडा ताईंच्या मुठीत होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

 आठ दिवस ताई त्याच प्रेसमध्ये दिवसभर हात घालत होत्या आणि पडदा नव्हता.

संध्याकाळी साहेबांनी रिपोर्ट लिहायला बसवलं. ते मराठीत सांगत होते, मी इंग्रजीत टाइप करत होतो. "पॅनेल बायपासवर होतं. चावी कुणाकडे आहे ते कळत नाही. पण तिने दांडा लावला असता तर पहिल्याच दिवशी समजलं असतं. सह्या तिच्याच आहेत ना? मग झालं. तिला कामावरून कमी करतोय असं लिही." काचेपलीकडे ताई उभ्या होत्या. चावी कुणी फिरवली हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी लिहिलं, 'द चेक शुड हॅव बीन प्रॉपरली डन बाय द ऑपरेटर.' बिनचूक वाक्य. बाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले असते. फक्त या वाक्यात माणूस होता आणि तो मी नव्हतो. साहेब म्हणाले, "छान. उद्या सकाळी सही करून पाठवू."

घरी बायको भाकरी थापत होती. पिठातली तिची बोटं मला बघवेनात. मी ताटावरून उठलो. तेव्हा मला भीती वाटत होती ती नोकरीची, अब्रूची, गावात काय म्हणतील याची, आणि त्या सगळ्याखाली ताईंच्या हातांची. मी स्वतःला सांगत राहिलो की गप्प बस, चार दिवसांत सगळे विसरतील.

सकाळी ताई कंपनीच्या गेटवर भेटल्या. पत्र घ्यायला बोलावलं होतं त्यांना. भांडतील असं वाटलं. त्यांनी डब्याच्या पिशवीतून दांड्याचं ते तुटकं टोक काढलं. पेटीतून कधी उचललं होतं कोण जाणे. "पोरीनं इचारलं, आई हे काय," त्या म्हणाल्या. "म्हणलं, हे माझं बोट हाय. बघून घे." एवढं बोलून टोक परत पिशवीत ठेवलं. माझं नावही घेतलं नाही.

मी सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि चावी टेबलावर ठेवली. "साहेब, चावी मी फिरवली होती. सह्याही मीच करायला लावल्या." इतकं पुटपुटलो की मला दोनदा सांगावं लागलं.

लीडरपद गेलं. ताईंचं पत्र फाडलं गेलं, ताकीद देऊन त्यांना ठेवलं. मला सात नंबरवर ऑपरेटर म्हणून उभं केलं आणि ताईंना शेजारच्या आठ नंबरवर. पाटी अजून तिथेच, माझ्या डोक्यावर.

तेव्हापासून रोज शिफ्टच्या सुरुवातीला ताई नवा दांडा घेऊन माझ्या प्रेसशी येतात. दांडा त्या धरतात, पेडल मी दाबायचं. पहिल्या दिवशी त्यांनीच तसं ठरवलं आणि मला नाही म्हणता आलं नाही. दांडा आत जातो आणि दर वेळी माझा पाय हवेतच राहतो.

"दाबा की दादा," ताई म्हणतात. "आता कशाला घाबरायलात?"

मी त्यांच्या हाताकडे बघत दाबतो. प्रेस अर्ध्यात थांबते. मग त्या पेन माझ्या हातात देतात, आणि सही मी करतो.