आम्हा सगळ्यांचं एकच नाव होतं

हे मी आजवर कोणापुढे बोललेले नाही. नवऱ्यापुढे नाही, आईपुढे नाही, कॉलेजातल्या एकाही माणसापुढे तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. सुरुवात केली आहे, तर आता मागे फिरणार नाही.

पण आधी आनंदाची गोष्ट. कारण ही गोष्ट त्या आनंदातच दडून बसली आहे, आणि तो आनंद खोटा नव्हता, हेही तुम्हाला कळायला हवं.

मी पिंपळगाव राजाची. नांदुऱ्याच्या एका खासगी कॉलेजात संगणक विभाग सांभाळते. सर्व्हर, लॅबमधली चाळीसेक मशीन्स, ऑफिसातली, ग्रंथालयातली. दोन वर्षांपूर्वी संस्थेकडून एक पत्र आलं: 'आयडेंटिटी मॅनेजमेंट सॉफ्टवेअर व एंटरप्राइज लिनक्स यांची तुलना करून कोणते घ्यावे, याचा अहवाल सादर करावा.' मी वाचलं आणि एकटीच हसत सुटले. ही काय तुलना झाली? कापसाची जिनिंग फॅक्टरी घ्यावी की तिच्या फाटकावरचा माणूस, असं कोणी विचारतं का? लिनक्स म्हणजे अख्खी फॅक्टरी — सगळी कामं त्याच्यावर चालतात. आणि दुसरं सॉफ्टवेअर म्हणजे फाटकावर उभा राहून प्रत्येकाचं तोंड पाहणारा, नाव विचारणारा, कोणाला कुठल्या गोदामापर्यंत सोडायचं ते ठरवणारा.

मग कामाला लागले आणि हसू मावळलं. प्रश्न वाटला तितका वेडगळ नव्हता हो! लिनक्सलाही नावं कळतात. पासवर्ड, गट, परवानग्या, कोण कधी आलं याची नोंद — सगळं त्याच्या पोटात असतं. मशीन एक असेल तर फाटकावर वेगळा माणूस कशाला? पण मशीन्स चाळीस झाल्या, की चाळीस फाटकं, चाळीस याद्या. एक माणूस नोकरी सोडून गेला तर त्याचं नाव चाळीस ठिकाणी पुसा! ते एका जागी आणायचं असेल तर दुसरं सॉफ्टवेअर हवंच. म्हणजे 'हे की ते' नाही, 'हे, आणि त्याच्यावर ते'. हे उमगलं त्या दिवशी मी लॅबमध्ये अक्षरशः उडी मारली. दोन जुन्या मशीन्स जोडून तीन महिने मांडणी केली. सतरा वेळा फसली. अठराव्यांदा एका मशीनवर दिलेलं नाव दुसऱ्या मशीननं ओळखलं, आत घेतलं — काय सांगू! दहावीच्या निकालालाही मी इतकी नाचले नव्हते.

मग अहवाल लिहायला बसले. पहिलंच प्रकरण — 'गरज'. आणि तिथं मी एक वाक्य लिहिलं. ते वाक्य कोणी मागितलं नव्हतं.

ते समजायला तुम्हाला इंगळे सर ठाऊक हवेत.

इंगळे सर डोणगावचे. माझ्या आधी संगणक विभाग त्यांच्याकडे होता. मी लागले तेव्हा मला माऊसशिवाय काही येत नव्हतं. काळ्या पडद्यावर नुसती पांढरी रेघ लुकलुकताना पाहिली की घाम फुटायचा. ते शेजारी खुर्ची ओढून बसायचे. "भिऊ नको वं. मशीन चावत नाही. चुकलीस त तेच सांगते तुले." आज मला जे येतं त्याचा पाया त्यांनी घातलेला. कोणी शिकवतं असं? हातचं राखून न ठेवता?

त्या काळी मुख्य सर्व्हरवर आम्ही दोघं, ऑफिसातलेही, सगळे एकाच नावानं जायचो. रूट — म्हणजे सगळे अधिकार असलेला मालक. एक नाव, एक पासवर्ड. सोयीचं होतं.

एके दुपारी सर सर्व्हरच्या खोलीत डबा खात होते. मी लॅबमधून, अकरा नंबरच्या मशीनवरून, आत शिरले होते. माझ्या सरावाच्या फायली पुसायच्या होत्या. पुसण्याच्या आदेशात, फोल्डरच्या नावामध्येच, एक रिकामी जागा जास्त पडली. बोटाचा एक ठोका, बस. आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांचं पूर्ण फोल्डर गेलं.

मागच्या रविवारची राखीव प्रत होती, पण त्या आठवड्यात आलेले अर्ज त्यात नव्हते. खेड्यापाड्यांतून पोरं पुन्हा आली, पुन्हा दाखले काढले. दोन मुलींचे अर्ज मुदतीनंतर पोचले, आणि परत आले. त्यांची नावं मला आठवतात. इथं लिहीत नाही.

त्याच दुपारी प्राचार्यांनी विचारलं, कोणी केलं? नोंदीत नाव होतं — रूट. सर्व्हरपाशी कोण बसलं होतं? इंगळे सर. झालं. मी तिथंच उभी होते. सर म्हणाले, मी नाही केलं. त्यावर कोणी काही बोललं नाही, मीही नाही.

मला वाटतं, तोवर ती नुसती भीती होती. तोवर कदाचित... पण नाही. पुढचं ऐका.

त्याच संध्याकाळी सर मला व्हरांड्यात भेटले. त्यांना सर्व्हरला हात लावायची बंदी झाली होती. पासवर्ड बदलायला मलाच सांगितलं होतं, आणि मी तो बदललाही होता. ते हळूच म्हणाले, "वैशाली, लॉग पाह्य बरं एकदा. कोन्या मशीनवरून झालं ते दिसन त्याच्यात. मले आता पाहू देत नाहीत."

लॉग, म्हणजे सर्व्हरची सविस्तर नोंदवही, मी दुपारीच पाहिला होता. नाव रूट असलं, तरी कुठल्या मशीनवरून रूट आत आला हे लिनक्स लिहून ठेवतं. स्वच्छ लिहिलं होतं: अकरा नंबर. वेळेसकट.

मी म्हणाले, "पाह्यलं सर. काहीच नाही दिसत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लॉग वाचायला मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि मी बरोबर वाचते यावर त्यांचा भरवसा होता. "असं?" म्हणाले. "मंग काय करता." आणि सायकल काढून गेले.

मी तो लॉग पुसला नाही. पुसण्याचीही हिंमत नव्हती. आमच्या सर्व्हरवर जुना लॉग चार आठवड्यांनी आपोआप जायचा. मी थांबले. रोज सकाळी उघडून पाहायची — आहे का अजून? चार आठवडे माझ्याकडे होते. अठ्ठावीस सकाळी मी खरं सांगू शकले असते. पाचव्या सोमवारी ती ओळ नव्हती, आणि मी कँटीनमध्ये जाऊन दोन आलुबोंडे खाल्ले. भूक लागली होती मला. कित्येक दिवसांनी.

सरांना ग्रंथालयात पाठवलं, पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर. विभाग मला मिळाला.

आणि सहा वर्षांनी, त्या आनंदाच्या भरात, 'गरज' या मथळ्याखाली मी लिहिलं: 'पूर्वी एका कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे विद्यार्थ्यांचे अर्ज नष्ट झाले, सामायिक खात्यामुळे जबाबदारी निश्चित करणे कठीण गेले.' मला उदाहरण हवं होतं. चांगलं होतं ते उदाहरण. त्याच्यावरच अहवाल मंजूर झाला.

सादरीकरण छान झालं. मी बोलत होते, पडद्यावर नावं उघडत-मिटत होती, मंडळी माना डोलवत होती. ग्रंथालयाकडून इंगळे सर आले होते, मागच्या रांगेत. शेवटी त्यांनी हात वर केला. "मॅडम, ह्याच्यात मागचंबी पाहता येते काय? आधी कोनं काय केलं ते?"

"नाही सर. बसवल्यापासून पुढचंच."

"बरं," म्हणाले, आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

त्यांना कळलं होतं का? मी त्यांचा चेहरा पुष्कळ वाचून पाहिला आहे. येत नाही वाचता.

सॉफ्टवेअर बसलं. प्रत्येकाचं खातं मी स्वतः उघडून दिलं. इंगळे सरांच्या नावापुढं रकाना भरला: ग्रंथालय, मुख्य सर्व्हर — परवानगी नाही. त्या घटनेच्या जुन्या शेऱ्यामुळे बंदी तशीच होती. ते आले, चष्मा पुसून बसले, आपलं नाव टाइप केलं, पासवर्ड टाकला. पडद्यावर त्यांचं पूर्ण नाव उमटलं आणि ते लहान मुलासारखे खूश झाले.

"वा! म्हनजे आता माह्या नावावर दुसऱ्याचं काही चढत नाही."

"नाही सर," मी म्हणाले.

त्यांच्या तोंडावरचा हा दुसरा खोटेपणा. त्यांच्या नावावर जे चढलंय ते माझं आहे. ते खिडकीवर बसतात, मी त्यांच्या खुर्चीवर.