जॅमच्या बरणीतली डायकिरी

मावशींचं आयुष्य गल्लीतल्या बायकामुलींचे कपडे शिवण्यात गेलं. कापड नुसतं हातात घेतलं तरी त्यांना मापाचा अंदाज यायचा, पण दारूच्या बाटलीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. आज मात्र रमची बाटली त्यांनी स्वतः जाऊन आणली होती. पिशवीच्या तळाशी घालून, वर पालेभाजी पसरून. ओट्यावर बाटली, लिंबं, साखरेचा डबा, बर्फाचा ट्रे आणि जॅमची रिकामी बरणी मांडून झाली, तेव्हा त्यांना धाप लागली होती.

बाहेरच्या खोलीत यजमान दाराकडे पाठ करून बसले होते. एका मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये त्यांची उभी हयात गेली. तिथे सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. घरी मात्र त्यांनी बाटली कधी आणली नाही. "दुकान दुकानात," एवढंच म्हणायचे. निवृत्तीनंतर हात थरथरू लागला. मध्यंतरी जावयासमोर पाण्याचा पेला हातातून सुटून फुटला, आणि तेव्हापासून माणूस मिटल्यासारखा झाला. कुणी आलं की आतल्या खोलीत जाऊन पडायचं, हे ठरलेलं.

आज संध्याकाळी बारमधले दोन जुने सोबती यायचे होते. 'उस्तादांच्या हातची ती रम-लिंबाची डायकिरी हवी' असं त्यांनी बजावून सांगितलं होतं. सकाळीच उस्ताद म्हणाले, "फोन करून सांग, येऊ नका. ताप आलाय म्हण."

"करते फोन," मावशी म्हणाल्या. पण आज या दोघांना नाही म्हटलं, की हा माणूस पुन्हा कुणासमोर येऊन बसणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

मापं त्यांना पाठ होती. नव्या संसारात उस्ताद झोपेतसुद्धा पुटपुटायचे, "रम चार, लिंबू दोन, गोड दीड." मापायला काही नव्हतं, म्हणून मावशींनी खोकल्याच्या औषधाचं टोपण घेतलं. रम ओतली, लिंबं पिळली, अंदाजाने साखर टाकली, बर्फ घातला आणि झाकण लावून बरणी हलवली.

"साखर टाकलीस," बाहेरून आवाज आला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"करकरतेय. गोड म्हणजे पाक. साखर न् गरम पाणी सारखं घे, विरघळव, गार होऊ दे."

पहिली बरणी मोरीत गेली. पाक गार होईपर्यंत मावशींनी ओटा पुसला. दुसऱ्या खेपेला त्यांनी बरणी दोन्ही हातांनी धरून हळूहळू हलवली.

"अगं, बाळ जोजवतेयस का? जोरात!"

"हात भरून आलाय माझा. तुम्हीच या की! तुमचा तसाही हलतोच आहे, फुकट कशाला घालवता?"

बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. बाहेर खुर्ची सरकली. उस्ताद दारात येऊन उभे राहिले. त्यांचे खांदे गदगदत होते. मावशी घाईने पुढे झाल्या, पण ते हसत होते; डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"दे इकडे."

त्यांनी बरणी दोन्ही हातांत घेतली आणि खांद्याशी नेली. मावशींना हॉटेलातला तो एक दिवस आठवला. घरच्या माणसांना बार बघायला बोलावलं होतं. त्या नवी चप्पल घालून गेल्या होत्या आणि दाराशीच अवघडून उभ्या राहिल्या. घरी चहाचा कप न विसळणारा आपला नवरा तिथे हातातल्या स्टीलच्या शेकरला कान लावल्यासारखी मान कलती करून उभा होता, आणि माणसं बोलणं थांबवून त्याच्याकडे बघत होती. तेव्हा अभिमान वाटला होता, आणि थोडा मत्सरही.

आज मान तशीच कलली. थरथर कुठली आणि हलवणं कुठलं, ते ओळखू येईना. काच धुरकट झाली.

"झालं. बर्फाचा आवाज बारीक झाला."

ओतायचं काम त्यांनी मावशींवर सोडलं. चहाच्या गाळणीतून गाळताना थोडं ओट्यावर सांडलंच. उस्तादांनी त्यात बोट बुडवून चाखलं.

"आंबट आहे."

"तुमच्याच मापाने घातलंय."

"लिंबंच जास्त आंबट आहेत. पाक जरा वाढव."

ते बोट मावशींच्या नाकाजवळून गेलं. लिंबाच्या सालीचा वास. पूर्वी ते कामावरून परतले, की अंधारात आधी हा वास यायचा आणि मगच मावशींना झोप लागायची. कितीतरी वर्षांत तो आला नव्हता.

उस्ताद एकाएकी गंभीर झाले. "फोन केलास त्यांना?"

"केला की."

त्यांनी बोट पुसलं आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. "मग? काय म्हणाले?"

"बर्फ घेऊन येतो म्हणाले. आपला संपणार, हे दिसतच होतं मला."

उस्ताद बायकोकडे बघत राहिले. मग त्यांनी रिकामा ट्रे उलटा करून पाहिला.

"किती आणायला सांगितलास?"

"एक पिशवी."

"एका पिशवीत काय होतंय? परत लाव फोन."