लालिंगचा माड

क्रिसांतो सुट्टीवर आला की फिलिपिन्समधल्या आमच्या सिक्विहोर बेटावर निसर्ग सुरू होतो. एरवी इथे नुसता समुद्र असतो आणि माड असतात. यंदा तो कॅनडाहून अकरा वर्षांनी आला, बारा दिवसांसाठी. सोबत बायको, दोन मुलं आणि छत्रीएवढी टोपी. सकाळी किनाऱ्यावर उभा राहून हा गृहस्थ मोठ्याने श्वास घेतो. आम्ही शेजारी जन्मापासून घेतोय, आमचं कौतुक कुणी केलं नाही.

त्याची थोरली बहीण लालिंग; आमच्याकडे ताईला मनांग म्हणतात. वय त्रेसष्ट. दिवसातून दोनदा माडावर चढते, पोय म्हणजे फुलोरा छेदते, माडी उतरवते. नवरा गेल्यापासून त्यावरच तिचं घर चालतं. बाई माडावर चढते म्हणून गावाने आधी नावं ठेवली, मग निमूटपणे तिचीच माडी प्यायला लागलं. तिचा सगळ्यात जास्त माडी देणारा माड कुंपणापाशी आहे. मूल जन्मलं की बाप त्याच्या नावाने माड लावतो, तसा तिच्या बापाने लावलेला.

तिसऱ्या दिवशी क्रिसांतो त्या माडाला लागून असलेल्या बुडख्यावर ऐसपैस बसला आणि माडाला थोपटत मुलांना सांगू लागला, "हा तुमच्या आजोबांनी माझ्यासाठी लावला."

धाकटीने मान वर केली. "पण याला नारळ कुठायत?"

एवढ्यात लालिंग कमरेला कोयता लावून आलीच. तिला पाहून हा उखडला. "मनांग, माझ्या झाडाची काय दशा केलीस? एक शहाळं नाही. उद्यापासून याची माडी बंद. पोरांना याचंच शहाळं प्यायचंय."

माडी काढली की त्या पोयीला नारळ धरत नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. आज सोडलं तरी शहाळं यायला सात-आठ महिने. याची सुट्टी उरली नऊ दिवस. तेवढ्यासाठी बहिणीच्या पोटावर पाय. लालिंग नेहमीसारखी गप्प बसणार, असं वाटून मलाच संताप आला.

"दोंग, हा माझा माड," ती धाकट्या भावाला म्हणतात तसं म्हणाली. "तुझा याच्या शेजारी होता."

"होता म्हणजे? कुणी तोडला?"

"मी. बाबा गेले तेव्हा वादळ होतं. चार दिवस बोट नाही. शवपेटी आणणार कुठून? फळ्या इथेच पाडल्या."

"मग माझंच झाड का?"

"बापाला खांदा द्यायला मुलगा लागतो. तुझं पुष्पचक्र आठवड्याने आलं. तुझं झाड इथंच होतं."

क्रिसांतोने टोपी काढली. लालिंग कोयता सारखा करत म्हणाली, "ऊठ आता. बसलायस तो त्याचाच बुडखा. मला त्यावर पाय देऊन चढायचंय."