उजवीकडचं हृदय

माझं हृदय छातीत उजव्या बाजूला आहे. त्याने मला कधीच त्रास दिला नाही. त्रास दिला तो ते बघायला जमलेल्या लोकांनी.

वडील बंगालमध्ये, खिदिरपूर बंदरावर कस्टम्समध्ये होते. मी सात वर्षांची असताना खोकला हटेना, म्हणून त्यांच्या साहेबांनी ओळखीच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. एक्स-रेच्या पडद्यावर माझी छाती पाहून डॉक्टर हरखलेच. खोकला पंधरवड्यात गेला, पण बोलावणी थांबली नाहीत. ‘तपासायला हवं’ एवढंच ते सांगायचे, आणि साहेबांच्या ओळखीचे म्हणून वडील मान डोलवायचे.

आईला बाहेर बसवत. आत काळोख असे. फ्रॉक काढून मला थंडगार फळीला टेकवून उभं करत. मग खर्र आवाज येई, हिरवट उजेड पडे आणि डॉक्टर माझ्या फासळ्यांवर बोट ठेवून विद्यार्थ्यांना काहीबाही सांगत. डावीकडे वळ, श्वास धर, आता उजवीकडे. कधी त्यांचे मित्रही येत. असे हुकूम सोडले तर माझ्याशी कुणी बोलत नसे. मला लाज वाटायची, आणि मग त्या लाजेचाच राग यायचा.

एकदा फार वेळ लागला, तेव्हा आई सरळ दार लोटून आत आली. कुणीतरी दिवा लावला. खोलीभर माणसं होती. डॉक्टरांच्या अंगावर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत जाड एप्रन होता, हातांत जाड मोजे होते. मी उघडीच होते. आईला बंगाली येत नव्हतं. तिने मला फ्रॉक घातला आणि म्हणाली, “विचार त्यांना, हे अंगावर कशासाठी घातलंय?”

मी बंगालीत विचारलं. डॉक्टर हसत म्हणाले, शिसं आहे, किरणांपासून रक्षण करतं. आम्हाला रोज इथे उभं राहावं लागतं, तू तर घटकाभर येतेस.

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “मग घटकाभर तरी हिला का बोलावता? हिला काय झालंय?”

हे विचारताना माझाही आवाज चढला होता. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, पण असं हृदय या विद्यार्थ्यांना पुन्हा कधी बघायला मिळणार?

भाषांतर करायची गरज पडली नाही. माझ्या चेहऱ्यावरूनच आई समजली. तिने माझा हात धरला आणि आम्ही बाहेर पडलो.

त्या रात्री वडील चिडले. साहेबांना काय तोंड दाखवू, म्हणाले. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, “अहो, तुम्ही एकदा तरी आत जाऊन पाहिलंत का?” पुढच्या आठवड्यात दवाखान्याचा शिपाई बोलवायला आला, तेव्हा वडीलच दारात उभे राहिले आणि मुलगी येणार नाही म्हणाले. साहेब महिनाभर त्यांच्याशी नीट बोलले नाहीत.

पुढे मोठेपणी एका डॉक्टरबाईंनी मला सांगितलं की एकदा पाहिलं तेवढं पुरे होतं. लहान मुलांना हे किरण मोठ्यांपेक्षा जास्त बाधतात. मला काही झालं नाही, हे नशीब. त्या काळी कुणाला फारसं माहीत नव्हतं, असं लोक मला समजावतात. मी त्यांना विचारते, मग शिसं अंगावर कोणी चढवलं होतं? यावर ते विषय बदलतात. मी बदलू देत नाही.